आधी खाते, मग तारीख

बँकेत खातेउतारा निघायला वेळ लागला की काउंटरच्या दोन्ही बाजूंनी एकच वाक्य ऐकू येतं, ‘सर्व्हर स्लो आहे.’ डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. अशी तक्रार आली की नवं मशीन मागण्याआधी मी इंडेक्समधल्या रकान्यांचा क्रम तपासते.

इंडेक्स म्हणजे टेबलातल्या निवडक रकान्यांची क्रमाने लावलेली यादी. बहुतेक डेटाबेस ती बी-ट्री या रचनेत ठेवतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगमध्ये काम करताना १९७०मध्ये ती मांडली. दोन रकाने असतील तर नोंदी आधी पहिल्यानुसार लागतात. पहिला सारखा असेल तिथेच दुसरा पाहिला जातो. टेलिफोन डिरेक्टरीत ‘पाटील सुनीता’ लगेच सापडे; नुसत्या ‘सुनीता’ शोधायच्या तर सगळी डिरेक्टरी चाळावी लागे.

समजा, बँकेत रोज ४०,००० नोंदी होतात आणि एका खातेदाराला ९० दिवसांचा उतारा हवाय. त्याचे व्यवहार ६०. इंडेक्स ‘तारीख, खाते’ असा असेल, तर डेटाबेसला सहसा त्या ९० दिवसांच्या ३६ लाख नोंदी चाळून त्यातून ६० वेचाव्या लागतात. ‘खाते, तारीख’ असेल, तर तो थेट त्या खात्यापाशी पोहोचतो. तिथे या ६० नोंदी तारखेनुसार ओळीने लागलेल्या असतात. वेगळं सॉर्टिंगही लागत नाही.

म्हणून नेमकी किंमत दिलेला रकाना आधी, ‘पासून-पर्यंत’ विचारलेला नंतर. ‘ज्यात जास्त वेगवेगळ्या किमती, तो आधी’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण दोन्ही रकान्यांची नेमकी किंमत दिली असेल, तर त्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, क्रमाने फारसा फरक पडत नाही.

दिवसअखेरच्या ताळमेळाला मात्र तारीखच आधी हवी. त्यासाठी दुसरा इंडेक्स बांधता येतो, पण मग प्रत्येक नवी नोंद त्यातही लिहावी लागते. याला पर्याय वाटावा असा स्किप स्कॅन २०२५ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८व्या आवृत्तीत आला. पहिल्या रकान्यावर अट नसली तरी आता इंडेक्स उपयोगी पडू शकतो; मात्र खरा फायदा त्या रकान्यात मोजक्याच किमती असतील तेव्हा. लाखो खाते क्रमांकांपुढे त्याचा फारसा उपयोग नाही.

तेव्हा इंडेक्स बांधण्याआधी रोज विचारले जाणारे प्रश्न कागदावर लिहा, ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा चालवून अंदाजे किती नोंदी वाचल्या जातात ते बघा आणि मगच क्रम ठरवा.