चाळीस मुलांची यादी

मुंबईच्या गिरणीत पाळीला जाणारी बाई निघण्याआधी तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवत असे. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही, आणि आईची हजेरी लागे. ब्रिटिश काळातल्या सरकारी अहवालांत या गोळीच्या नोंदी आहेत. पाळणाघराच्या मागणीचा मागोवा घ्यायला मी बसते तेव्हा पहिल्यांदा ती गोळीच आठवते. बाळ सांभाळायला कुणी नसलं म्हणजे काय होतं, हे एवढं नेमकं सांगणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९मध्ये कायदा झाला. भार मात्र मालकावरच राहिला. पैसे कुणी द्यायचे हा तेव्हाचा प्रश्न पुढची नव्वद वर्षं काही मिटला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाने अधिनियम आला. त्याच्या ४८व्या कलमानं पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि त्यांना सांभाळणारी प्रशिक्षित बाई सक्तीची केली. १९७६मध्ये पन्नासाचे तीस झाले. पण बायका मोजून पाळणाघर द्यायचं ठरवलं की मालकाला पळवाटही तिथेच मिळते: बायका कमी घ्यायच्या. आणि शेतावर, वीटभट्टीवर, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारीला कारखान्याचं फाटकच नसतं. तिला कुठे मोजणार?

बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये सुरू केलेलं काम याच बाईच्या दारात जाणारं होतं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला आणि तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशभरातल्या ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो उचलला. मराठी अंगणातला शब्द दिल्लीच्या सरकारी कागदावर चढला याचा मला अभिमान वाटतो. मात्र अंगणवाडी दुपारी बंद होते आणि आईचं काम संध्याकाळी सुटतं. मधले तास कुणाचे, याचं उत्तर योजनेत नव्हतं.

बांधकामावर हे तास डोळ्यांसमोर दिसत. १९६९मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. तिथे मजूर बायांची मुलं धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. काही वर्षांत मुंबईच्या बांधकामांवरही तिची पाळणाघरं आली. पण एका संस्थेचे तंबू किती मुलांना पुरणार? १९८०च्या दशकात बांधकाम मजुरांच्या संघटनांनी सह्या गोळा केल्या आणि आपलं निवेदन थेट लोकसभेच्या याचिका समितीपुढे नेलं. संसदेची ही वाट सामान्य माणसाला फारशी ठाऊक नसते. आपल्या विधानसभेतही विनंती अर्ज समिती आहे, तिचं नाव ऐकलेली माणसं मला क्वचितच भेटतात. बांधकाम कामगारांचा कायदा यायला १९९६ उजाडलं. त्यात पाळणाघर आलं, पण पुन्हा पन्नासहून अधिक स्त्रियांची अट घेऊनच.

दरम्यान, १९८८मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. असंघटित कामगार स्त्रियांचं जगणं त्यानं सरकारपुढे ठेवलं. पुढच्याच वर्षी पाळणाघरांसाठी झटणाऱ्या संस्थांनी ‘फोर्सेस’ हा मंच उभारला.

मग एक विलक्षण दिवस आला, २८ नोव्हेंबर २००१. लोकसभेनं शिक्षणाच्या मूलभूत हक्काची घटनादुरुस्ती त्या दिवशी मंजूर केली, ती ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालचं मूल मूलभूत हक्काबाहेर राहिलं, त्याच्या वाट्याला राज्यानं ‘प्रयत्न करावा’ एवढंच मार्गदर्शक तत्त्व आलं. त्याच दिवशी, त्याच दिल्लीत, अन्नाच्या हक्काच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी. संसदेनं मिटलेलं दार न्यायालयानं किलकिलं केलं. त्या याचिकेमागे देशभरातले कार्यकर्ते होते. गावोगाव फिरून कुठे अंगणवाडी आहे, कुठे नुसता फलक आहे, कुठे तोही नाही, हे लिहून आणणारे.

पाच वर्षांनी, १३ डिसेंबर २००६ रोजी, त्याच खटल्यात आणखी एक आदेश झाला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सामान्य माणसाच्या हाती आलेलं हे सर्वांत धारदार हत्यार आहे. वकील लागत नाही. वस्तीत घरोघर जायचं, मुलांची नावं आणि वयं लिहायची, आयांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायचा. आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा तारखेसकट शिक्का घ्यायचा. तीन महिने मोजायचे ते त्या तारखेपासून. शिक्का नसेल तर मागणी झालीच नाही, असं सांगायला कार्यालय मोकळं. शिक्का मारलेली तीच प्रत आमदाराच्या हातात दिली की तिचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना होऊ शकते. आमदाराला भाषण नको असतं, त्याला वस्तीचं नाव, मुलांचा आकडा आणि तारीख हवी असते.

प्रश्न विचारल्यानं काय होतं, हे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दिसलं. २००६पासून राजीव गांधींच्या नावानं चाललेल्या या योजनेत एके काळी वीस हजारांहून अधिक पाळणाघरं होती. २०१७मध्ये खर्चाची वाटणी बदलली, राज्यांवर नवा भार आला, आणि २०२०पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. ही घसरण संसदेतल्या लेखी उत्तरांतून लोकांसमोर आली. त्याच २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. मोजणीत या वेळी पुरुषही आले, ही खरी सुधारणा. पण पगारी रजेचा आणि पाळणाघराचा खर्च पुन्हा मालकावर टाकला गेला. १९२८चं ते भाषण आपण नीट वाचलेलंच नाही, असं मला तेव्हा वाटलं.

महाराष्ट्रात कायदेमंडळाला खरं हलवलं ते मुलं सांभाळणाऱ्या बायांनीच. २०१७मध्ये अंगणवाडी सेविकांचा जवळपास महिनाभराचा संप झाला. मार्च २०१८मध्ये सरकारनं त्यांना ‘मेस्मा’ हा अत्यावश्यक सेवांचा कायदा लावला, म्हणजे संपच बेकायदा. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेचे आमदारही विरोधात उभे राहिले, आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. सत्ताधारी बाकावरचे आमदार आपणहून उठत नाहीत. गावात रोज भेटणाऱ्या सेविका त्यांच्या मतदार होत्या, आणि त्या त्यांच्या दारात गेल्या होत्या. पुढे ४ डिसेंबर २०२३पासून ५२ दिवसांचा संप झाला. त्याच महिन्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं होतं. सेविकेचं मानधन तेव्हा दहा हजार होतं, मागणी सव्वीस हजारांची होती. तिचं पोट भरणार नसेल तर अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, असं तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? केंद्र सरकारच्या २०२२च्या ‘मिशन शक्ती’तली ‘पाळणा’ योजना नेमकं तेच मागते: अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशभरात १७,००० ठिकाणी.

या नकाशात ऊसतोडणीचा फड मात्र अजून नीट बसत नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडकडचे कोयते सांगली-कोल्हापूरकडे निघतात. जोडप्यानं मिळून एक कोयता, म्हणून आई मागे राहू शकत नाही, आणि तान्हं मूलही. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव असतं आणि ते स्वतः पाचटाच्या ढिगाजवळ, लुगड्याच्या झोळीत. फडाजवळच्या वस्तीच्या यादीत त्याला कुणी धरत नाही. डिसेंबरात नागपूरला मोर्चे पोचतात तेव्हा त्याची आई पहाटेच्या अंधारात ऊस तोडत असते. आपल्या आमदारापासून शेकडो किलोमीटर दूर. तिच्या मुलाचं नाव चाळीसांच्या यादीत लिहायचं काम फडाशेजारच्या गावातल्या कुणीतरी करायचं आहे, गाळप हंगाम संपायच्या आत.