कारभाराचे मजले

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी पातूर हे गाव वसले आहे. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. आलेगावासारख्या खेड्यांचा कारभार मात्र तीन मजली आहे. खेड्यात ग्रामपंचायत, पातुरास पंचायत समिती आणि अकोल्यास जिल्हा परिषद. हे मजले पूर्वीपासून असेच नव्हते. ते एकदा कमी करण्यात आले आणि पुन्हा चढविण्यात आले. असे का झाले बरे?

पूर्वी पातूर बाळापूर तालुक्यात मोडत असे. इंग्रजी अमदानीत खेड्यांच्या वर जिल्ह्याचे एक मंडळ व तालुक्याचे एक मंडळ, अशी दुहेरी व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत एक उणीव राहते. समजा, एखाद्या खेड्यातील शाळेचे छप्पर गळू लागले. गावकरी तालुक्यास गेले, तर पैसा जिल्ह्याच्या हाती. जिल्ह्यास जावे, तर ते ठिकाण लांबचे आणि तेथे गावाची ओळख नाही. अर्ज खाली-वर फिरत राहतो आणि पावसाळा मात्र कोणासाठी थांबत नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ साली नवा कायदा केला. या योजनेचे पुढारीपण द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते. दोन मंडळांच्या जागी तालुक्यासाठी एकच सभा आली. तिला 'जनपद सभा' असे जुने, भारदस्त नाव देण्यात आले. शाळा, रस्ते, दवाखाने ही कामे तिच्याकडे आली. जबाबदारी एकाच दाराशी आली आणि ते दारही जवळचे झाले.

तथापि, एक अडचण सुटली तोच दुसरी उभी राहिली. तालुक्याचे उत्पन्न ते केवढे! मोठा रस्ता किंवा चांगला दवाखाना एकट्या तालुक्याला झेपेना. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आता विदर्भात जनपद सभा, पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड आणि मराठवाड्यात आणखी निराळा कायदा, असा तीन तऱ्हांचा कारभार एकाच राज्यात चालू होता.

त्याआधी १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने साऱ्या देशासाठी तीन पायऱ्यांची रचना सुचविली होती. महाराष्ट्राने १९६० साली वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक हे वऱ्हाडातील पुसदचे. मेहता समितीने मधल्या पायरीवर अधिक भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा हाच बळकट असावा, असे ठरविले. त्यानुसार कायदा होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अशा रचनेला राज्यघटनेचा आधार मिळाला. मात्र वीस लाखांहून कमी लोकवस्तीच्या राज्यांना मधला मजला वगळण्याची मुभा आहे. म्हणूनच शेजारच्या गोव्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत अशा दोनच पायऱ्या आहेत.

तर मग मजले किती असावेत? जवळच्या सत्तेला आपले दुःख कळते, पण तिचे हात तोकडे असतात. दूरच्या सत्तेचे हात लांब असतात, पण तिला आपला उंबरठा दिसत नाही. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीच ही सारी मोडतोड आणि उभारणी झाली. खेड्यांतील पुष्कळ प्राथमिक शाळा आज जिल्हा परिषदेच्या आहेत. त्यांचे छप्पर गळू लागले, तर कोणत्या दाराशी जावयाचे, हे ज्या गावाला ठाऊक असते आणि काम होईपर्यंत जे गाव विचारणा सोडीत नाही, त्या गावाचेच छप्पर पावसाआधी शाकारले जाते.