पुन्हा पुन्हा उलटणारा प्रोस्टेटचा संसर्ग

खानदेशातल्या उन्हाळ्यात घरातील आबांना लघवीला जळजळ होऊ लागली, की 'उन्हाळी लागली' असे म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी पुढे केले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र जळजळीसोबत ओटीपोटात किंवा मांड्यांच्या मध्ये दुखत असेल, धार अडखळत असेल आणि हा त्रास दर महिन्या-दोन महिन्यांनी परतत असेल, तर संसर्ग प्रोस्टेटमध्ये, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीत, मुरला असण्याची शक्यता ध्यानात घ्यावयास हवी. आबा हे सुनेजवळ बोलत नाहीत, बहुधा मुलाजवळही नाही. विचारावे आपणच लागते.

या ग्रंथीचे एक वैशिष्ट्य आहे. रक्तातील बहुतेक औषधे तिच्या आतपर्यंत पोचतच नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधे पोचतात, म्हणून वर्षानुवर्षे तीच दिली गेली. परंतु लघवीच्या संसर्गास बहुधा कारणीभूत ठरणारा ई. कोलाय हा जिवाणू आपल्या देशात त्यांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे. कपाटातील उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन बरे वाटताच थांबण्याच्या सवयीचाही त्यास हातभार लागला आहे. शिवाय साठीनंतर या औषधांनी टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइड चालू असल्यास अधिकच. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर एकाएकी उतरू शकते.

मग दुसरे काय? उत्तर लघवीच्या कल्चर तपासणीत आहे, आणि ती पहिली गोळी घेण्यापूर्वी व्हावी. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चोपडा किंवा शिरपूरहून एस.टी.ने येताना घरूनच बाटली भरून आणू नका. उन्हात जिवाणू भराभर वाढतात आणि अहवाल फसवा ठरतो. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. अहवालास दोन-तीन दिवस लागतात.

त्या अहवालात एक चकवा असतो. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस', म्हणजे 'लागू पडेल', असे लिहिलेले दिसते. मूत्राशयाच्या संसर्गात ते खरेही आहे. परंतु हे औषध प्रोस्टेटमध्ये पुरेसे उतरत नाही. म्हणून जिवाणू कशाने मरतो याबरोबरच ते औषध ग्रंथीत शिरते का, हेही डॉक्टरांना विचारावे.

शिरणाऱ्यांपैकी को-ट्रायमॉक्साझोल व डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. पहिल्याने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास किंवा मूत्रपिंड दुबळे असल्यास हे आधी सांगावे. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते नकोच. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसूनच घ्यावे. त्याच काळात त्वचा उन्हाने लवकर पोळते, तेव्हा भर दुपारी शेतात जाणे टाळावे. दूध, लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधे त्यासोबत घेऊ नयेत.

तिसरा पर्याय फॉस्फोमायसिन. स्पेनमधील मातीतल्या जिवाणूपासून १९६९ च्या सुमारास मिळालेले हे औषध इतर गोळ्यांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरही अनेकदा चालते. ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून घेतात. साध्या संसर्गास एक पुडी पुरते, प्रोस्टेटसाठी मात्र ती ठरावीक दिवसांच्या अंतराने काही आठवडे द्यावी लागते. ते अंतर डॉक्टरच ठरवतील. मुरलेल्या संसर्गात कोणत्याही औषधाचा क्रम बहुधा चार ते सहा आठवड्यांचा असतो, आणि पाचव्या दिवशी बरे वाटले तरी तो चालूच ठेवावा लागतो.

प्रोस्टेटच्या दुखण्यांपैकी पुष्कळांत जिवाणू सापडतच नाहीत; तेथे प्रतिजैविकांचा मारा व्यर्थ होय. उलट थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा आबा असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि संसर्ग चालू असताना केलेल्या पीएसए तपासणीचा आकडा पाहून कर्करोगाच्या भीतीने झोप घालवू नका. संसर्गानेही तो वाढतो. उपचार संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ती तपासणी पुन्हा करावी.