न उठलेलं बेट

फोगो बेटाचं नाव आज जगात पोचलंय ते तिथल्या हॉटेलमुळे. उत्तर अटलांटिकच्या काठावर, खडकात रोवलेल्या खांबांवर उभी असलेली ती २९ खोल्यांची इमारत देशोदेशींच्या मासिकांत झळकली आहे. पण न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं हे बेट टिकलं, त्याचं कारण हॉटेलच्या कितीतरी आधीचं आहे.

इंग्लंड आणि आयर्लंडहून आलेल्या कोळ्यांनी इथे वस्ती केली ती कॉड या एकाच माशासाठी. पाण्यावर उभारलेल्या लाकडी खोपटांत मासा चिरायचा, खारवायचा आणि माचांवर उन्हावाऱ्यात वाळवायचा. या कामात बायकापोरंही जुंपलेली असत. रोख पैसा मात्र क्वचितच दिसे. व्यापारी हंगामाआधी पीठ, मीठ, जाळी उधारीवर देई, हंगाम संपल्यावर मासा ताब्यात घेई आणि दोन्हींचा भाव तोच ठरवी. सावकाराची वही ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९४९ साली न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. शाळा, दवाखाने, रस्ते सगळीकडे पोचवणं परवडत नाही म्हणून किनाऱ्यावरची विखुरलेली गावं उठवायची मोहीम १९५४ पासून सुरू झाली. वीसेक वर्षांत सुमारे ३०० गावं ओस पडली, ३० हजारांच्या आसपास माणसं हलली. काहींनी तर राहती घरं पाण्यात तरंगवत, बोटींनी ओढत नेली. फोगोवरचे व्यापारी काढता पाय घेत होते, बरीच कुटुंबं सरकारी मदतीवर जगत होती. आता आपला नंबर, ही धास्ती तिथे होतीच.

बेटावर एकी म्हणावी तर तीही नव्हती. कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड चर्च अशी गावं पंथांनी विभागलेली, शाळासुद्धा वेगवेगळ्या. अशा ठिकाणी १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो कॅमेरा घेऊन आले. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडेन त्यांच्या सोबतीला होते. एकच मोठा माहितीपट करण्याऐवजी त्यांनी दोन डझनांहून अधिक छोटे चित्रपट केले. जो बोलला त्यालाच आधी ते दाखवायचे, त्याची हरकत नसेल तरच गावोगावच्या सभागृहांत न्यायचे. चारचौघांत तोंड न उघडणारी माणसं पडद्यावर बोलू लागली आणि शेजारच्या गावाचं रडगाणं आपलंच आहे, हे ऐकणाऱ्यांना उमगलं. हेच चित्रपट पुढे मंत्र्यांनाही दाखवले गेले आणि मंत्र्याचं उत्तर चित्रित करून बेटावर आणलं गेलं.

संज्ञापनाच्या अभ्यासक्रमांत ही 'फोगो प्रक्रिया' आजही शिकवतात. मला मात्र सगळं श्रेय कॅमेऱ्याला देणं पटत नाही. बेटावरच्या लोकांची सुधारणा समिती त्याआधीच कामाला लागली होती. पडद्यामुळे फक्त तिचा आवाज मोठा झाला. १९६७ सालीच बेटावर सहकारी संस्था उभी राहिली. तिने खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या होड्या बांधल्या, पुढे मासळीप्रक्रियेचे कारखाने हाती घेतले. उधारीची वही मिटली ती तेव्हा.

या संस्थेची खरी कसोटी २ जुलै १९९२ ला लागली. मोठमोठ्या ट्रॉलरांनी समुद्र खरवडून काढल्यावर कॅनडा सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि प्रांतात सुमारे ३० हजार लोकांचं काम एका फटक्यात गेलं. तरुण फोगोवरूनही गेलेच. पण संस्था बुडाली नाही, खेकडा आणि कोळंबीवर तिने तग धरला.

हॉटेल आलं ते २०१३ मध्ये. बेटावर वाढून फायबर ऑप्टिक्सच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या झिटा कॉब यांनी भावांसह स्थापलेल्या न्यासाचं ते आहे आणि त्याची शिल्लक बेटाच्याच कामी येते. एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या वर. बेटावरचा कोळी तिथे पाहुणा म्हणून उतरणं अवघडच. खुर्च्या आणि गोधड्या मात्र तिथल्याच सुतारांनी आणि बायकांनी केलेल्या आहेत, मजुरी बेटावरच राहते.

२०२४ मध्ये कॉडवरची बंदी उठली. त्या वर्षी कॅनडाने ठरवलेली मर्यादा होती १८ हजार टन. १९६८ साली परदेशी ट्रॉलर धरून याच पाण्यातून सुमारे ८ लाख टन कॉड उपसला गेला होता. फोगोची सहकारी संस्था अजून मुख्यतः खेकड्यावरच चालते.