नदीचे पाणी आणि माशांची यादी

पुण्यातील मुळा-मुठेचे पाणी घाण आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण त्यात मासे जगू शकतील का, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या एका बाटलीतून मिळत नाही.

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांवर वाढणारे जिवाणू तो वापरून टाकतात. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. समजा, आपण भर दुपारी नमुना घेतला. पाण्यात शेवाळ माजले असेल, तर प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू भरपूर आढळेल. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. त्यामुळे पहाटे प्राणवायू अगदी कमी होतो. दुपारचा आकडा खरा, पण अपुरा. माशाला मात्र दुपार आणि पहाट दोन्ही तेथेच काढावी लागतात.

म्हणून माशांची यादी उपयोगी पडते. मात्र नुसत्या जाती मोजून भागत नाही. मरळ व मागूर हवेतूनही प्राणवायू घेतात. १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेतील तिलापिया कमी प्राणवायूत तग धरतो. जाळ्यात हेच मासे उरले असतील, तर पाण्याविषयी शंका घ्यावी. महसीरला मात्र वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. अर्थात, तो दिसला नाही म्हणजे प्रदूषणच कारण, असे नव्हे; धरणांमुळेही त्याची वाट अडते. यासाठी शहराच्या वरच्या आणि खालच्या अंगाची तुलना करायला हवी.

या तुलनेला इतिहासाचीही जोड आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले. ‘टॉर खुद्री’ या महसीरचे त्यांचे नमुने पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतलेच. त्यांनी अनेक शास्त्रीय नावे स्थानिक बोलीतून घेतली. ‘सिंघाला’ या नावात आपला शिंगाळा सहज ओळखू येतो. ज्या पाण्याने विज्ञानाला हा महसीर दिला, तेथेच आज शहराचे सांडपाणी वाहते.

आपल्या गावच्या नदीवर विद्यार्थ्यांना हे करता येईल. वृद्ध मच्छीमारांना पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावे विचारा, आजच्या जाळ्यातली लिहा आणि दोन्ही याद्या शेजारी मांडा. गाळलेल्या प्रत्येक नावाचे कारण शोधणे, हाच पुढचा अभ्यास.