विश्लेषण : कर्णधार ते मॅनेजर… अजित वाडेकरांची दुसरी खेळी का महत्त्वाची?

शाहूवाडी-पन्हाळ्याच्या पट्ट्यात पैलवानाने लंगोट उतरवला, तरी तालीम सुटत नाही. तो वस्ताद होऊन पोरांना डाव शिकवतो. बेसबॉलमध्ये व्हेनेझुएलाच्या ओझी गियेन यांनी हेच केले. ज्या शिकागो व्हाइट सॉक्सकडून ते खेळले, त्याच संघाला २००५ मध्ये मॅनेजर म्हणून त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. भारतीय क्रिकेटमध्ये या वाटेवरचे ठळक मराठी नाव म्हणजे अजित वाडेकर.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी?

१९४१ मध्ये मुंबईत जन्मलेले वाडेकर डावखुरे फलंदाज. ३७ कसोटींत २११३ धावा आणि एकच शतक. खरी ओळख कर्णधारपदाची. १९७१ मध्ये त्यांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच भूमीवर प्रथमच कसोटी मालिकेत हरवले. पण १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ अशी हार झाली. लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला. त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर त्यांनी निवृत्ती घेतली.

मॅनेजर म्हणून काय साधले?

१९९०च्या दशकात ते मॅनेजर म्हणून परतले. तेव्हा हे पद केवळ सामान-तिकिटांचे नव्हते. आजच्या प्रशिक्षकाचे कामही त्यातच होते. कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन यांच्यासोबत त्यांचे सूर जुळले. अनिल कुंबळे, राजेश चौहान आणि वेंकटपती राजू या फिरकी त्रिकुटाच्या बळावर १९९३ मध्ये भारताने मायदेशात इंग्लंडला ३-० असे नमवले.

ऑकलंडला काय घडले?

२७ मार्च १९९४. नवज्योतसिंग सिद्धू यांची मान आखडली होती. मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिन तेंडुलकरने सलामीची एक संधी मागितली. वाडेकर आणि अझर यांनी ती दिली. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा फटकावल्या आणि एकदिवसीय क्रिकेटला त्याचा सलामीवीर मिळाला. सचिन अपयशी ठरला असता, तर बोल मॅनेजरलाही लागला असता.

शेवट कडू का?

१३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स. विश्वचषक उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकूनही भारताने श्रीलंकेला फलंदाजी दिली. २५२ धावांच्या लक्ष्यापुढे १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी घसरण झाली. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करण्यात आले. त्या विश्वचषकानंतर वाडेकरांचे मॅनेजरपदही संपले.

यातून काय दिसते?

१९७१ चा जल्लोष आणि १९७४ चा रोष, दोन्ही वाडेकरांनी स्वतः झेलले होते. मॅनेजरला धावा काढता येत नाहीत. कोणाला कधी उभे करायचे, एवढेच त्याच्या हाती असते. पुढे ते निवड समितीचे अध्यक्षही झाले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. वस्तादाचे नाव पट्ट्याच्या कुस्तीतून राहते. वाडेकरांचे नाव ऑकलंडच्या त्या सकाळीशीही कायमचे जोडले गेले आहे.