हँडलवरचा फोन आणि धुरकट सिंहगड

धायरीतून काढलेल्या फोटोत सिंहगड धुरकट आला, की खापर कॅमेऱ्यावर फुटतं. पुष्कळदा लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असतो. मऊ कोरड्या कापडाने पुसा. गड इथून नैर्ऋत्येला, म्हणून हिवाळ्यात दुपारनंतर ऊन समोरून येतं. फोटो सकाळी काढावा. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर गडावर बोट दाबून धरलं, की फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात.

खरा बिघाड वेगळा. सिंहगड रस्त्यावर नकाशा बघायला फोन दुचाकीच्या हँडललाच अडकवणारे कमी नाहीत. हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून अनेक कॅमेऱ्यांत लेन्स किंवा सेन्सर किंचित हलतो. मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर सतत बसली तर ही नाजूक यंत्रणा बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला. (खड्ड्यांचं वेगळं सांगायला नको.)

लक्षणं ओळखता येतात: चित्र हिंदकळतं, फोकस मागेपुढे होत राहतो, कधी खरखर ऐकू येते. आधी कव्हर काढून बघा, त्यातलं चुंबकही कधी नडतं. मग अल्ट्रा-वाइड लेन्सवर जा. तिथे चित्र स्थिर, मुख्य लेन्सवर थरथरतं, तर दुकान गाठावं. रीसेटने हे सुटत नाही.